सीमेवरची चकमक: दोष कुणाचा?

तुमच्या काल्पनिक राज्याच्या कथेतली सीमेवरच्या चकमकीची कल्पना दमदार आहे, सोडू नका. आधी एवढंच ठरवा: पहिला बाण कुणी सोडला, आणि त्याला तिथे कुणी, कशासाठी उभं केलं? नवे लेखक सगळा दोष एका दुष्ट राजाच्या माथी मारतात आणि कथा तिथेच बसते.

१९३१ मध्ये चीनमधल्या मुकदेन शहराजवळ जपानी लष्करी अधिकाऱ्यांनीच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, आळ चिनी सैन्यावर घातला आणि मांचुरिया हा ईशान्य चीनचा प्रदेश बळकावला. टोकियो सरकारची परवानगी नव्हती, तरी ते थांबवू शकलं नाही. मग जबाबदार कोण? तुमच्या दरबारात हाच वाद पेटू द्या.

दुसरी चूक: लेखकाला सत्य ठाऊक म्हणून पात्रांनाही ते लगेच कळतं. सत्य ओळखणारा मांत्रिक तर पहिल्या खर्ड्यात नकोच! तह, वंशावळी, नकाशे नंतर पाहू. आधी तो प्रसंग लिहून काढा.