गोव्यात मफलर कोण घालणार? सुती धागा घ्या आणि स्वतःचं डिझाइन करा

फोंड्याहून लिहिणाऱ्या ताईंनी विचारलंय की व्हिडिओ बघून क्रोशे शिकले, एक मफलर आणि एक टोपी झाली, दोन सुयांवरही सुलट-उलट जमतंय, पण इथे मफलर घालणार कोण, तो कपाटात पडून आहे, आणि आता दुसऱ्यांचे पॅटर्न बघून बघून करायचा कंटाळा आलाय, स्वतःचं काहीतरी करायचंय तर सुरुवात कुठून करू. शिवाय घरी दारावर सासूबाईंनी विणलेलं जुनं सुस्वागतमचं तोरण आहे, तसं करता येईल का हेही विचारलंय. ताई, प्रश्न फार आवडला, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी धाग्याचं बोलू, कारण इथे निम्मा प्रश्न धाग्याचाच आहे. दुकानात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात, वर्धमान म्हणा गंगा म्हणा, त्यातले बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, त्यामुळे आपल्याकडे अंगावर घालायच्या वस्तूंना ते सोसत नाही, पण खेळणी, भिंतीवर लावायच्या वस्तू, फुलं यांना एकदम मस्त, धुतलं की पटकन वाळतं आणि रंगही भरपूर मिळतात. म्हणून तो मफलर उसवून टाका अगदी बिनधास्त, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते. अंगावरच्या आणि घरातल्या रोजच्या वापरायच्या वस्तूंसाठी मात्र सुती धागाच घ्या. अँकरचा निटिंग कॉटन चार पदरी येतो, त्याला अडीच ते तीन मिलिमीटरची क्रोशाची सुई बरी पडते. तोरण, रुमाल असल्या नाजूक कामाला बारीक रीळ, त्यात नंबर जितका मोठा तितका धागा बारीक, वीस नंबर हा चांगला मधला. रिळावर मर्सराइज्ड लिहिलेलं असेल तर घ्याच, त्या सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे चमक येते आणि धागा मजबूतही होतो. लाल आणि गडद निळा वापरणार असाल तर आधी छोटा तुकडा विणून तो ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा, रंग सुटतोय का ते तिथेच कळतं.

क्रोशे की दोन सुया, यावर माझं मत स्पष्ट आहे. स्वतःचं डिझाइन करायचं असेल तर सुरुवात क्रोशानेच. क्रोशात एका वेळी एकच फास सुईवर असतो, बिघडलं तर चार टाके ओढले की परत मागे, मध्येच दिशा बदलता येते, गोल करता येतं, उभं करता येतं. दोन सुयांवर सगळी ओळच्या ओळ सुईवर लटकत असते, एक टाका निसटला की तो खालपर्यंत घसरत जातो, नवीन माणूस घाबरतो. दोन सुयांचं कापड मऊ आणि ताणणारं होतं, धागाही कमी लागतो, त्यामुळे बिनबाह्यांचा टॉप वगैरे पुढे जरूर करा, पण सुती टॉप स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो हे धरून उंची थोडी कमीच ठेवायची. आणि सुया घेताना आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे चार. इथे नंबर वाढला की सुई बारीक होते.

पॅटर्न वाचताना एक गोंधळ बहुतेकांचा होतो तो इथेच सांगून टाकते. अमेरिकन पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे ब्रिटिश पॅटर्नमधला ट्रेबल, म्हणजे आपला खांब, सुईवर एकदा धागा गुंडाळून घालायचा तो उंच टाका. आणि ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, धागा न गुंडाळता घालायचा तो बुटका टाका. तेव्हा पॅटर्न कुठला आहे ते आधी बघा, मगच सुई हातात घ्या, नाहीतर सगळं माप चुकतं.

आता मुख्य मुद्दा. स्वतःचं डिझाइन करायला वेगळी प्रतिभा वगैरे लागते असं मला अजिबात वाटत नाही, टाके वाढवले की काय होतं आणि कमी केले की काय होतं एवढं हाताला कळलं पाहिजे. मुक्या खांबांनी गोल विणताना सहा टाक्यांनी सुरू करायचं आणि प्रत्येक फेरीत सहा वाढवायचे, म्हणजे सहा, बारा, अठरा, चोवीस, असं केलं की चकती सपाट राहते. वाढवणं थांबवलं की कडा वर उठून वाटी होते. कमी करत गेलं की तोंड मिटून गोळा होतो. आणि सहापेक्षा खूप जास्त वाढवले की कापडाला जागाच पुरत नाही, ते चुण्या पडून लहरत जातं. बस, सगळी खेळणी, टोप्या, परड्या, फळं या तीन-चार गोष्टींतून निघतात. एक संध्याकाळ बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसून नुसते असे तुकडे करून बघा, काही बनवायचं मनात न ठेवता.

त्या चुण्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना टाइमिना या गणितज्ञ बाईंनी हायपरबोलिक भूमितीतलं प्रतल, म्हणजे असाच चुण्या पडत लहरत जाणारा पृष्ठभाग, विद्यार्थ्यांना हातात धरून दाखवता यावं म्हणून ते क्रोशाने विणलं, कागदाची मॉडेलं लगेच फाटायची, विणलेलं टिकलं. तेच तंत्र घेऊन मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजलिसला क्रोशाचं प्रवाळ बेट विणायला घेतलं, ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफचं प्रवाळ मरतंय याकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. पुढे कितीतरी देशांतल्या बायका त्यात विणायला लागल्या आणि २०१९ मध्ये ते व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात मांडलं गेलं. आपल्या गोव्याच्या ग्रँड आयलंडच्या आसपासही प्रवाळ आहेच की! तर तुमचा उसवलेला मफलर इथे वापरा. बावीस साखळ्या घाला, त्यावर वळणाच्या तीन साखळ्यांचा एक खांब धरून वीस खांबांची एक ओळ करा, मग पुढच्या प्रत्येक ओळीत प्रत्येक खांबात दोन दोन खांब. वीसचे चाळीस, चाळीसचे ऐंशी, ऐंशीचे एकशेसाठ, तिसऱ्या ओळीतच ते असं गच्च लहरायला लागतं की हातात प्रवाळच येतं. उसवलेल्या धाग्याला पडलेल्या वळ्यांचा इथे काही त्रास नाही. कडेला शेवटची ओळ दुसऱ्या रंगाची करा, जास्त उठून दिसतं. आणि इथे टाका चुकला तरी काही बिघडत नाही, खरं प्रवाळ तरी कुठे एकसारखं असतं.

यापुढचं काम मी सुचवेन ते माटोळीचं. चवथीला गणपतीच्या वर बांधतो ती माटोळी खऱ्या फळापानांचीच हवी, त्यात विणलेलं काही घालू नये असं माझं ठाम मत आहे. पण मुलांच्या खोलीत टांगायला, किंवा मुंबईला नाहीतर दुबईला राहणाऱ्या भावाबहिणीला पाठवायला छोटी विणलेली माटोळी इतकी गोड दिसते की काय सांगू. याचा कुठला तयार पॅटर्न शोधत बसू नका, फळ समोर ठेवा आणि विणा, आपोआप डिझाइनर व्हाल. सुपारी सगळ्यात सोपी, मुक्या खांबांनी सहा, बारा, मग तीन-चार फेऱ्या बाराच, मग परत सहा करून तोंड बंद, आत भरण, वर हिरवी टोपी, अशा पाच-सात एकत्र बांधल्या की घोस झाला. तोरिंग (पपनस) आणि चिबूड मोठे, तिथे पट्टे आणि रंग बदलायची मजा. दोडकं मात्र करायलाच हवं, कारण त्यात खरी गंमत आहे. दोडक्याच्या लांबीएवढ्या साखळ्या घाला, तीस एक पुरे, आणि मुक्या खांबांच्या ओळी विणत जा, पण टाक्याच्या वर जे दोन दोरे दिसतात त्यातल्या फक्त मागच्या दोऱ्यात सुई घालायची. त्याने कापडावर उभ्या शिरा उठतात, दर दोन ओळींना एक शीर. खऱ्या दोडक्याला दहा शिरा असतात, म्हणजे वीस ओळी झाल्या की पहिली आणि शेवटची ओळ जोडून नळी करा, एक टोक आवळा, भरून दुसरं आवळा, देठ लावा. हातात घेऊन फिरवलं की खरोखर भाजीवाल्याकडून आणल्यासारखं लागतं. भरणासाठी कापूस नको, आपल्या दमट हवेत त्याचे गोळे होतात आणि वास धरतो, उशीतला फायबर वापरा. आणि घरात अगदी तान्हं मूल असेल तर मणी, बटणं असलं काही लावू नका.

आता सासूबाईंचं तोरण. ताई, ते उतरवून नीट उजेडात धरून बघा, त्याच्याइतका चांगला पॅटर्न तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाही. त्याला फिले क्रोशे म्हणतात, नुसती रिकामी आणि भरलेली घरं असतात, आलेख वहीवर रंगवल्यासारखी. रिकामं घर म्हणजे एक खांब आणि दोन साखळ्या, भरलेलं घर म्हणजे तिथे साखळ्यांच्या जागी दोन खांब. वीस घरांची पट्टी करायची तर साठ अधिक तीन अशा त्रेसष्ट साखळ्या, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, म्हणजे पहिली भरलेली ओळ वळणाच्या साखळ्या धरून एकसष्ट खांबांची होते. एवढा हिशोब कळला की देवनागरी अक्षर, मोर, स्वस्तिक, तुमच्या घराचं नाव, अबोलीचा वळेसर (गजरा), काहीही शाळेच्या आलेख वहीत काढा आणि विणा. फक्त एक काळजी, सगळ्यांचा खांब सारख्या उंचीचा येत नाही, कोणाचं घर बुटकं होतं कोणाचं उंच, त्यामुळे आधी दहा बाय दहा घरांचा नमुना विणून पट्टीने मोजा, चौरस येत नसेल तर सुई बदलून बघा किंवा चित्रच त्या हिशोबाने काढा. अक्षरांमध्ये शिरोरेघ एक सलग भरलेली ओळ ठेवली की वाचायला सोपं जातं, वेलांटीला मात्र जागा जास्त लागते, तिथे कंजुषी करू नका.

डिझाइनसाठी इतकं लांब कशाला जायचं, आपल्याकडे बघण्यासारखं काय कमी आहे! पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीतून चालत गेलं तर निळ्या-पांढऱ्या आझुलेजु, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या चित्रांच्या टाइल्स दिसतात, ते चौकोन क्रोशाच्या ग्रॅनी स्क्वेअरसाठीच, म्हणजे मध्यापासून बाहेर फेऱ्यांनी विणायच्या चौकोनासाठीच केल्यासारखे आहेत. पांढरा मध्य, मग फिका निळा, मग गडद, कडेला परत पांढरा. जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असतात, ती पांढरट, किंचित पिवळसर चौकट मला पडद्याच्या खालच्या पट्टीला फार आवडते. कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्या टेबलावरच्या पट्ट्याला घ्या. आणि आपल्या ख्रिश्चन शेजारणींच्या घरी आल्तारावर (देवाच्या वेदीवर) जुन्या लेसचे कपडे अंथरलेले असतात, ओळख असेल तर जवळून बघायला मागा, त्या कडांमधलं काम बघून बरंच शिकायला मिळतं. चौकोनांचा फायदा असा की ते सुटे सुटे होतात, पिशवीत टाकून बसमध्ये पण विणता येतात आणि चार जणी मिळून एकच मोठी वस्तू करता येते. २०१६ मध्ये चेन्नईला मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या ग्रुपने ११,१४८.५ चौरस मीटरच्या ब्लँकेटचा गिनीज रेकॉर्ड केला तो असाच, तुकडे जोडून जोडून.

विकायचं का, असं तुम्ही विचारलं नाहीये, पण आपल्या विणकामाच्या ग्रुपवर नेहमी विषय निघतो म्हणून सांगते. दोन सुयांचं विणकाम मशीनवर होतं, खऱ्या क्रोशाचं मशीन अजून कारखान्यांत आलेलं नाही. बीचजवळच्या बाजारात खऱ्या क्रोशाचा टॉप स्वस्तात टांगलेला दिसतो तेव्हा तो कुठल्यातरी बाईने हातानेच टाका टाका करून विणलेला असतो आणि तिला त्याचे काय मिळाले असतील हा विचार मला दर वेळी छळतो. त्यामुळे कोणी नातेवाइकाने नुसत्या धाग्याच्या किमतीत टेबलक्लॉथ मागितला तर सरळ नाही म्हणा. भेट द्यायची तर मनापासून द्या, विकायचं तर तासांचे पैसे लावून विका, मधलं काही नको.

पावसाळ्याचं एवढं लक्षात ठेवा. मे संपायच्या आत विणलेल्या वस्तू कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, पण रंगीत असतील तर वरून पातळ कापड घालून. अर्धवट काम सुईसकट ठेवू नका, समुद्राच्या हवेत स्टीलची सुई गंजते आणि पांढऱ्या धाग्यावर तो डाग कायमचा बसतो, सुई काढून त्या फासात सेफ्टी पिनसुद्धा नको, प्लास्टिकची क्लिप किंवा दुसऱ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा घाला. सुयांना पुसटसं खोबरेल लावून कापडात गुंडाळायचं, वापरायच्या आधी कोरड्या कपड्याने पुसायचं. कपाटात वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा कसरीसाठी, पण मलमलीच्या पुरचुंडीत बांधून, नाहीतर त्याचे बारीक कण जाळीत अडकून बसतात. सासूबाईंचं तोरण धुणार असाल तर रिठ्याच्या पाण्यात भिजवून हलकं दाबायचं, पिळायचं नाही, टॉवेलवर सपाट पसरून टाचण्या लावून वाळवायचं, आणि त्या टाचण्या न गंजणाऱ्या घ्या. वाळल्यावर त्याचा एक फोटो इथे टाका, घरं मोजून आलेख काढायला मी मदत करते.