वाचकांचे प्रश्न : घर विकताना होणारे नुकसान कसे टाळावे?

प्रश्न : बदलीमुळे आम्हाला राहते घर विकायचे आहे. जाहिरात दिली तेव्हा बरेच लोक पाहून गेले, पण आता चार महिने होत आले तरी कोणी फिरकत नाही. एजंट किंमत उतरवायला सांगतात. घरच्यांना मात्र नूतनीकरणाचा खर्च निघालाच पाहिजे असे वाटते. काय करावे?

उत्तर : लोक पाहून गेले आणि परत आले नाहीत, याचा अर्थ बहुधा घर त्यांना आवडले, पण सांगितलेली किंमत पटली नाही. आपल्या भागात घर शोधणारी मंडळी नवी जाहिरात येताच पाहून घेतात, त्यामुळे पहिले काही आठवडेच सर्वांत मोलाचे असतात. ‘आधी जास्त सांगू, मग घासाघीस होईलच’ या हिशेबात तेच आठवडे वाया जातात. पुढे घर जितके पडून राहते, तितकी त्यात काही दोष असावा अशी शंका बळावते आणि येणारा ग्राहक अधिकच पाडून मागतो.

घरच्यांचा आग्रह मी समजू शकतो. आपल्या मालकीच्या वस्तूचे मोल माणूस जास्तच धरतो. कानमन, क्नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये कॉफीच्या साध्या मगांवर केलेल्या प्रयोगांत विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणारे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली होती. परंतु ग्राहक तुमच्या खर्चाची पावती पाहत नाही, तो शेजारची घरे पाहतो. म्हणून तुमच्या घरासारख्या घरांचे अलीकडे प्रत्यक्ष पूर्ण झालेले व्यवहार मिळवा (जाहिरातीतले आकडे नव्हेत) आणि किंमत उतरवायची असेल तर ती एकदाच, डोळ्यांत भरेल इतकी उतरवा. दर पंधरवड्याला थोडी थोडी उतरवल्यास ग्राहक पुढच्या घसरणीची वाट पाहत बसतो. दरम्यान कर्जाचे व्याज, देखभाल आणि कर चालूच असतात, तेही हिशेबात धरावेत.

एजंटाचा सल्लाही आधार मागूनच स्वीकारावा. अमेरिकेतील लेविट आणि सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांच्या २००८ च्या अभ्यासात एजंटांची स्वतःची घरे इतरांच्या घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला विकली गेल्याचे आणि ती बाजारात साधारण साडेनऊ दिवस अधिक राहिल्याचे दिसले. किंमत थोडी वाढली तर मालकाला बरेच मिळते, पण एजंटाच्या दलालीत फारसा फरक पडत नाही, हे त्यामागचे कारण आहे.

एक चूक मात्र आवर्जून सांगतो, ती म्हणजे ओल रंगाखाली झाकण्याची. बाकीच्या भिंती जुन्या आणि एकाच भिंतीवर ताजा रंग दिसला की जाणकार ग्राहक त्या भिंतीला लागून असलेले कपाट उघडतो, आणि आतला कुबट वास सगळे सांगून जातो. त्यानंतर तो तुमच्या इतर कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही. गळतीचे मूळ दुरुस्त करावे, पावती जपून ठेवावी आणि दोष होता हे लेखी सांगावे. माहीत असलेला दोष लपवल्यास विक्रीनंतरही भरपाईचा दावा होऊ शकतो.

कागदपत्रे ग्राहक मिळाल्यावर शोधू नयेत. सहमालकांची संमती, दिवंगत व्यक्तीचे नाव कागदावर राहिले असल्यास वारसांची नोंद, वाढीव बांधकामाची परवानगी आणि कर्जफेडीची नेमकी रक्कम हे सारे आधीच हाताशी हवे. नूतनीकरणाच्या ज्या पावत्यांमुळे किंमत वाढत नाही, त्याच अनेक ठिकाणी करपात्र नफा कमी करायला उपयोगी पडतात, म्हणून सही करण्यापूर्वी कर सल्लागाराला त्या दाखवा.

प्रश्न : ग्राहकाने इसार दिला आहे. उरलेले पैसे देण्यापूर्वी सामान ठेवण्यासाठी तो किल्ली मागतो आहे. द्यावी का?

उत्तर : देऊ नये. एकदा सामान आत गेले आणि व्यवहार फिसकटला, तर त्याला बाहेर काढणे वेळखाऊ आणि खर्चिक ठरते. शिवाय पैसे पूर्ण करण्याची त्याची घाईही तिथेच संपते. ताबा पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच द्यावा. उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, ग्राहकाचे कर्ज नामंजूर झाल्यास इसाराचे काय करायचे आणि घरातील कोणत्या वस्तू घरासोबत जाणार, हे इसाराच्या करारात स्पष्ट लिहिलेले आहे का, तेही आजच वकिलाकडून तपासून घ्या.