ताई, एक विचारू? : टोपीला गुंडाळलेला सिनेमा

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की 'पॅरासाइट'मधला तो जिना १९६० सालच्या एका कोरियन सिनेमातून आलाय, आणि हे त्याचा दिग्दर्शक बोंग जून-हो स्वतः कबूल करतो. या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तेव्हा हिंदी-मराठी प्रश्नांना या महिन्यात सुट्टी.

ताई, मी लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोरियन सिरियल सगळ्या बघून झाल्या. तो १९६० चा सिनेमा कोणता? ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणजे झोप येईल का?

बघ आणि मग मला सांग झोप आली का ते. त्या रात्री आली तरी पुष्कळ.

नाव 'हान्यो', म्हणजे मोलकरीण. दिग्दर्शक किम की-यंग. कापडगिरणीतल्या मुलींना गाणं शिकवणारा एक मास्तर आहे. त्याची बायको शिवणयंत्रावर पाठ मोडेस्तोवर काम करून पैसा जोडते, कारण तिला दुमजली घर हवंय. घर होतं. पण तेवढं मोठं घर तिच्याने आवरेना, त्यात ती गरोदर, म्हणून एक मोलकरीण ठेवतात. ही मुलगी स्वयंपाकघरात उंदीर दिसला की किंचाळत नाही, सरळ मारते. फडताळात उंदराच्या विषाची बाटली आहे. ती एकदा कॅमेऱ्याने दाखवली की नंतर त्या घरात कुणी कुणाला साधं पाणी दिलं तरी आपला हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होतो. खाली शिवणयंत्र, वर पियानो आणि मोलकरणीची खोली, मधे जिना. बस्स, एवढ्यावर अख्खा सिनेमा. त्यातल्या खोडकर मुलाकडे लक्ष ठेव, तो आन सुंग-की, पुढे त्या देशाचा सर्वांत लाडका नट झाला.

किम की-यंग शिकला होता दंतवैद्यक. स्वतः दाताला कधी हात लावला नाही फारसा, पण बायको दातांची डॉक्टर होती आणि पैसा तिचा. तिच्या दवाखान्यात लोकांच्या दाढा निघायच्या आणि त्यावर याचे सिनेमे निघायचे. हीच गोष्ट त्याने १९७१ मध्ये रंगीत करून पुन्हा काढली, १९८२ मध्ये आणखी एकदा. आपल्याकडे याला हट्ट म्हणतात. १९७१ च्या सिनेमात त्याने युन यो-जंग नावाची नवी मुलगी घेतली. तीच मुलगी २०२१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, 'मिनारी'साठी ऑस्कर हातात घेऊन उभी होती आणि माझ्या पहिल्या दिग्दर्शकाला हे अर्पण, असं म्हणून तिने किम की-यंगचं नाव घेतलं. तो जाऊन तेव्हा २३ वर्षं झाली होती. म्हातारपणी त्याला सगळे विसरले होते. १९९७ मध्ये बुसानच्या महोत्सवात त्याचे जुने सिनेमे दाखवले आणि तरुण पोरं वेडी झाली, मग बर्लिनच्या महोत्सवाचं बोलावणं आलं. निघायच्या आधीच, फेब्रुवारी १९९८ मध्ये, राहत्या घराला आग लागून तो आणि त्याची ती डॉक्टर बायको दोघंही गेली.

कोरियाच्या फिल्म आर्काइव्हने यूट्यूबवर जुने सिनेमे फुकट ठेवलेत, इंग्रजी सबटायटलसकट. बघताना एक जागा येईल, चित्र अचानक मऊ, धुरकट पडेल. मोबाइलची काच पुसू नकोस. मूळ निगेटिव्हची दोन रिळं हरवली होती. १९९० मध्ये दुसरी एक प्रिंट सापडली, तिच्यावर हाताने लिहिलेली मोठाली इंग्रजी अक्षरं होती. ती एकेका चौकटीवरून पुसून २००८ मध्ये सिनेमा पुन्हा अखंड केला. हॉलिवूडचा दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी, त्याच्या संस्थेने या कामाला हात दिला. धूसर दिसतो तो त्या पुसलेल्या अक्षरांचा डाग.

मी डोंबिवलीचा, बँकेतून निवृत्त. उत्तर कोरियाच्या हुकूमशहाने सिनेमे काढण्यासाठी एका दिग्दर्शकाला पळवून नेलं होतं, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. खरं की थाप?

काका, व्हॉट्सॲपवर आलेली एवढी एक गोष्ट खरी निघाली, जपून ठेवा.

शिन सांग-ओक हा १९६० च्या दशकातला दक्षिण कोरियाचा सर्वांत मोठा निर्माता-दिग्दर्शक, आणि चोई उन-ही त्याची बायको, नायिका. १९७५ मध्ये सरकारने त्याच्या कंपनीचा परवानाच काढून घेतला. तोवर संसारही मोडत आला होता, पुढे घटस्फोट झाला. जानेवारी १९७८ मध्ये चोई हाँगकाँगला गेली आणि तिथून गायब झाली. बोटीत घालून तिला उत्तरेला नेलं. बंदरावर उतरवून घ्यायला किम जाँग-इल स्वतः हजर. तेव्हा गादीवर बाप होता, पण सिनेमाखातं मुलाकडे, आणि त्याला सिनेमाचं व्यसन. तिला शोधायला शिन हाँगकाँगला गेला आणि जुलैमध्ये तोही उचलला गेला. पळून जायचा प्रयत्न केला म्हणून त्याने तिथल्या तुरुंगात वर्षं काढली. १९८३ मध्ये एका मेजवानीत दोघांना समोरासमोर आणलं, तोवर एकाला दुसरं तिथे आहे याचा पत्ताच नव्हता. मग सिनेमे काढले. त्यातल्या एकासाठी चोईला १९८५ मध्ये मॉस्कोच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. 'पुल्गासारी' हा लोखंड खाणाऱ्या राक्षसाचा सिनेमा तर जपानहून 'गॉडझिला'वाली मंडळी बोलावून केला. मार्च १९८६ मध्ये व्हिएन्नाला गेले असताना दोघांनी टॅक्सी पकडली आणि अमेरिकेची वकिलात गाठली. जवळ किम जाँग-इलच्या आवाजाच्या टेपा होत्या, चोरून भरलेल्या. कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं की परत आल्यावर गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवला नाहीच काहींनी. शिन आपल्या पायाने गेला, असं म्हणणारे दक्षिणेत शेवटपर्यंत होते.

पण काका, माझं एक ऐका. माणूस पळवला गेला म्हणून मोठा नाही, मोठा होता म्हणून पळवला. ही अपहरणाची गोष्ट इतकी चटकदार आहे की लोक त्याचे सिनेमे बघतच नाहीत. त्याचा १९६१ चा एक सिनेमा आहे, नावाचा अर्थ 'पाहुणा आणि आई'. तरुण विधवा, सासू, लहान मुलगी आणि भाड्याने राहायला आलेला एक चित्रकार. विधवा चोई उन-हीच. मुलीला उकडलेली अंडी आवडतात, पाहुण्यालाही आवडतात. अंडीवाला दारावर आला की आई हल्ली जास्त अंडी घेऊ लागते. त्या दोघांचं प्रेम दिसतं ते अशा लहानसहान गोष्टींतून.  पाहुणा निघून जातो, आणि आता अंडी खायला कुणी उरत नाही. मी हा सिनेमा माझ्या मोठ्या बहिणीबरोबर पाहिला. ती अंड्याला शिवत नाही, तरी डोळे पुसत होती.

कोल्हापूरहून. किम की-डुक यांनी १९६४ मध्येही सिनेमा काढल्याचं इंटरनेटवर दिसतं. मग त्यांचं वय किती?

दोन माणसं आहेत हो, इंटरनेटने एक केली. थोरले १९३४ चे, १९६४ च्या 'बेअरफुटेड यूथ'वाले, २०१७ मध्ये गेले. धाकटे १९६० चे, तळ्यातल्या देवळाचा सिनेमा काढणारे, २०२० मध्ये गेले. नातं काही नाही.

मी पुण्यात सिनेमा शिकतो. १९६० च्या दशकात दक्षिण कोरियात लष्करशाही होती, तरी त्याला 'सुवर्णकाळ' म्हणतात. हे कसं?

छान प्रश्न, आणि उत्तर जरा तिरपं आहे.

१६ मे १९६१ ला पार्क चुंग-ही या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता बळकावली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी यू ह्यून-मोक या दिग्दर्शकाचा 'ओबालतान' लागला होता. 'ओबालतान' म्हणजे नेम चुकलेली गोळी. कोरियन युद्धानंतर उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांची वस्ती, त्यात एक हिशेबनीस. त्याची दाढ ठणकतेय. पण दाढ काढायचे पैसे घरासाठी लागतात, म्हणून तो गाल धरून अख्खा सिनेमाभर चालतो. भाऊ युद्धातून जखमी होऊन आलेला, बेकार. बहीण अमेरिकन सैनिकांबरोबर जाते. म्हातारी आई भ्रमिष्ट, अंथरुणातून अचानक उठून ओरडते, "काजा!" म्हणजे, चला जाऊ या! नव्या सरकारच्या लोकांनी विचारलं, जाऊ या म्हणजे कुठे? उत्तरेला? सिनेमा बंद. १९६३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवाचं निमंत्रण आलं तेव्हा कुठे तो सुटला. आज आपण पाहतो ती प्रत त्या परदेशवारीसाठी काढलेली, म्हणून चित्रावर इंग्रजी अक्षरं कायमची चिकटलेली आहेत. शेवटी तो माणूस दाढा उपटून घेतो, तोंडातून रक्त येतंय, टॅक्सीत बसतो, आणि कुठे जायचं तेच त्याला सांगता येत नाही.

आता तुझा सुवर्णकाळ. १९६२ चा चित्रपट कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्या म्हणजे आपलं लायसन्स-परमिट राज, फक्त स्टुडिओत. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची यंत्रं असतील त्यालाच परवाना. वरून वर्षाला १५ सिनेमे काढायची सक्ती. आणि गाजर म्हणून परदेशी सिनेमे आयात करायचा हक्क. खरा पैसा त्या हॉलिवूडच्या आयातीत. त्यामुळे निर्माता धडाधड सिनेमे पाडायचा, दशक संपताना वर्षाला दोनशेच्या वर. चित्रीकरणावेळी आवाज घेतच नसत. नंतर डबिंगवाले येऊन बोलायचे, मोठमोठ्या ताऱ्यांनाही आवाज दुसऱ्याचाच. जुने चार सिनेमे ओळीने बघ, चार वेगवेगळे नायक एकाच गळ्याने बोलताना सापडतील.

मग सोनं कुठलं? साहित्यकृतीवरच्या चांगल्या सिनेमालाही आयात-हक्काचं बक्षीस मिळे, म्हणून निर्माते गुणी दिग्दर्शकाला अधूनमधून मोकळं सोडत. सिनेमा चालला नाही तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं. ही पळवाट नसती तर निम्मी नावं आपल्याला ठाऊक नसती. दिग्दर्शक इम क्वॉन-टेकने या घाण्यातच पहिली दहा वर्षं काढली, १९६२ पासून पन्नासेक सिनेमे. त्यातल्या बहुतेकांबद्दल तो स्वतः चांगलं बोलत नाही. मग ज्यांनी त्याचं नाव झालं ते आले, १९८१ मध्ये 'मंडला', १९९३ मध्ये 'सोप्योन्जे'.

पळवाट प्रत्येकाला सापडली असं मात्र नाही. ली मान-ही या दिग्दर्शकाने १९६५ मध्ये उत्तरेचे सैनिक जरा माणसांसारखे दाखवले, तर त्याला साम्यवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. १९६८ चा त्याचा 'अ डे ऑफ' घ्या. सेन्सॉरने सुचवलं की शेवटी नायकाने केस कापून सैन्यात भरती व्हावं. त्याने ऐकलं नाही. सिनेमा डब्यात गेला तो २००५ मध्ये सापडला. तोवर ली मान-हीला जाऊन ३० वर्षं झाली होती. वर्गात पटकथा लिहून झाली की हा बघ, जेमतेम सव्वा तासाचा आहे.

मी मिरजेचा, चाळीस वर्षं थिएटरात ऑपरेटर होतो. आपले मूकपट चांदीसाठी वितळवले हे ऐकून आहे. कोरियाचे तरी राहिले का?

नाही हो दादा. १९३४ च्या आधीचा एकही कथापट हाती नाही. सगळ्यात मोठी हळहळ 'आरिरांग'ची, १९२६. ना उन-ग्यू नावाच्या विशीतल्या पोराने लिहिला, दिग्दर्शित केला, नायकही तोच. राज्य जपान्यांचं. वेडा झालेला तरुण जमीनदाराच्या माणसाला मारतो आणि त्याच क्षणी शुद्धीवर येतो. पोलीस त्याला बांधून डोंगरापल्याड नेतात आणि गाव 'आरिरांग' गातं. पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणाऱ्याला तिथे ब्योन्सा म्हणत. खोलीत पोलीस असला की तो एक सांगणार, नसला की दुसरं. आपल्या 'आलम आरा'सारखंच झालं, नाव सगळ्यांना ठाऊक, सिनेमा कुणाकडे नाही. जपानमधल्या एका संग्राहकाकडे 'आरिरांग' आहे, असं वर्षानुवर्षं बोललं जायचं. तो गेला, संग्रह उघडला, त्यात नव्हता.

चांदी तिकडेही काढली, युद्धात जळालं ते वेगळं. पण तुम्हाला ऑपरेटर म्हणून लागेल अशी एक गोष्ट सांगते. उन्हाळ्यात शेतकरी घालतात त्या गवती टोप्या असतात ना, त्यांच्या काठाला शोभेची पट्टी लागे. जुनी रिळं कापून ती पट्टी करत. काळी, चकचकीत, घामाने खराब न होणारी. म्हणजे कुणाच्या तरी डोक्याभोवती एखाद्या सिनेमाचा प्रसंग गुंडाळलेला, आणि खाली माणूस भात लावतोय.

हसायचं कुठल्या तोंडाने? लहानपणी माझा भाऊ जत्रेतल्या तंबूमागून फिल्मचे तुकडे आणायचा. गेलेल्या बल्बात पाणी भरायचं, उंबऱ्यात आरसा धरायचा, आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर उलटं चित्र पडायचं. आमच्याकडे शेपटी उडत असलेली अर्धी घोडी होती. कुठल्या सिनेमातली, कोण जाणे. आईने दिवाळीच्या सफाईत चुलीत घातली. भप्पकन पेटली, तेवढं आठवतं.

नागपूरहून, गृहिणी. तुमच्या एका जुन्या लेखामुळे कोरियाच्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शिकेचा 'द विडो' यूट्यूबवर लावला. शेवटी शेवटी आवाजच गेला, आणि मग सिनेमा मधेच संपला. मुलाने राउटर दोनदा बंद-चालू केला. आमच्या नेटचा दोष आहे का?

नाही ताई, मुलाला म्हणावं राउटरला हात लावू नकोस.

१९५५ चा सिनेमा. पार्क नाम-ओक, मूळची गोळाफेकपटू. पैसे बहिणीने दिले. कॅमेरा १६ मिलिमीटरचा. तान्ही मुलगी पाठीशी बांधून ती चित्रीकरण करायची, आणि युनिटचं जेवणही स्वतः रांधायची. सिनेमा काही दिवस चालला आणि उतरला. दुसरा तिने कधी काढला नाही. पुढे अमेरिकेत गेली, २०१७ मध्ये तिथेच वारली. जी एक प्रत उरली तिच्या शेवटच्या रिळाचा आवाज गेलाय. त्याच्या पुढचं चित्रही गेलंय.

तुमच्याकडे जिथे थांबला, तिथेच सगळ्यांकडे थांबतो.