आईवडील सत्तरीचे आहेत, मेक्सिकोत कॅनकुनहून माया अवशेष बघायला गाडी भाड्याने घ्यावी की टूरने जावं?

गाडीच घ्या. आणि चिचेन इत्झा बघून परत फिरू नका, मेरिदा शहरात मुक्काम करून उश्मलचे माया अवशेषही बघा.

हाच वाद आमच्या घरी झालाय म्हणून लिहिते. आप्पा तेव्हा ७३ वर्षांचे, सांगोल्याकडचे, जन्मभर डाळिंबाची शेती. माझा मोठा भाऊ म्हणाला परक्या देशात म्हाताऱ्या माणसाला घेऊन गाडी हाकणं बेजबाबदारपणा आहे, बसने ने. आदल्या वर्षी दुसऱ्या एका सहलीला बसने नेलंच होतं, सगळा वेळ दुकानात गेला आणि आप्पा बसमध्येच बसून राहिले.

चिचेन इत्झाला आप्पांनी कुकुलकानचा पिरॅमिड बघितला, चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक धरून ३६५, छान म्हणाले आणि सावली शोधायला लागले. चढू देत नाहीतच, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको.

उश्मलला मात्र आत शिरल्या शिरल्या जमिनीत एक दगडी तोंड दिसलं, जेमतेम माणूस उतरेल एवढं, आणि भोवतीची फरशी त्या तोंडाकडे उतरती. आप्पा वाकले, काठीने उतार तपासला आणि म्हणाले, "अगं, हे तर टाकं आहे." खरंच टाकंच ते. चुलतून म्हणतात त्याला. खाली पोट सुरईसारखं रुंद, आतून चुन्याचा गिलावा. त्या पुऊक भागात नदी नाही, चिचेनसारखे सेनोते, म्हणजे पाण्याने भरलेले नैसर्गिक खोल खड्डे, तेही नाहीत, खाली चुनखडी, पाणी पार खोल, मग पावसाळ्यात साठवायचं आणि कोरड्या महिन्यांत पुरवायचं. आप्पांनी तिथं चाळीस मिनिटं काढली, गिलाव्यात काय मिसळत असतील, गाळ कसा काढत असतील, आमच्या शेततळ्याचा कागद चार वर्षांत फाटला आणि हे हजार वर्षांचं आहे! टूरचा गाइड थांबला असता चाळीस मिनिटं?

नंतर वीसेक किलोमीटरवर काबाह. तिथं एका इमारतीची अख्खी भिंत चाकच्या, म्हणजे पाऊसदेवाच्या, मुखवट्यांनी भरलेली, लांब वळलेल्या नाकांचे, शेकड्याने, एकाला लागून एक. आप्पा म्हणाले, पाऊस नसेल तर माणूस असाच मागतो, परत परत. भावाला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला ऊन लागलं असतं तर? नव्हतं लागलं. सकाळी आठला गेट उघडतं तेव्हाच आत होतो, हे आपली गाडी असल्यामुळेच जमलं, आणि आजही आप्पा शेजाऱ्यांना पिरॅमिडचं नाही, टाक्याचंच सांगतात.

आता तुमच्या कामाचं. कॅनकुन ते चिचेन इत्झा २०० किलोमीटर, टोलच्या रस्त्याने अडीच तास, टोलला रोख पेसो ठेवा. कॅनकुनचं घड्याळ युकातान राज्याच्या (चिचेन, मेरिदा, उश्मल तिथंच) एक तास पुढे, म्हणजे जाताना तास मिळतो, परतताना जातो, फ्लाइट असेल तर लक्षात ठेवा. गावागावात स्पीडब्रेकर आहेत, तोपे म्हणतात, पाटी नसलेलेही. त्यामुळे अंधार पडल्यावर चालवू नका, यात भावाचं बरोबर होतं. थर्ड पार्टी इन्शुरन्स तिथं सक्तीचा आहे, ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या भाड्यात तो बहुतेकदा नसतो. पंपावर मशीन शून्यावर आहे का बघा. आईंचे गुडघे फारच दुखत असतील तर काबाह पुरे, रस्त्याला लागूनच आहे.