मुलींची आईस हॉकी खरोखर वाढली आहे का, आणि आपल्या भागातील मुलीने तिचा विचार करावा का?

आपली सातवीत शिकणारी पुतणी मोबाईलवर मुलींच्या आईस हॉकीचे सामने पाहते आणि तिला तो खेळ शिकायचा आहे, असे आपण लिहिले आहे. आपण पांढरकवड्याजवळच्या गावात राहता आणि जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तिथे बर्फावरच्या खेळाचा नाद कशाला, असे घरातील मंडळी म्हणतात. हा खेळ मुलींमध्ये खरोखर वाढला आहे का आणि पुतणीला काय सांगावे, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातीलच एका खेड्यातील माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, मुलींचे कबड्डी आणि खो-खोचे संघ तयार करते आणि महिला आईस हॉकीविषयी अनेक वर्षांपासून आवडीने वाचते. त्यामुळे दोन्ही प्रश्नांना सविस्तर उत्तर देते.

खेळ वाढला आहे, आणि फार वाढला आहे. परंतु ही वाढ थंडीमुळे झाली असे आपल्या घरच्यांना वाटत असेल तर इतिहास वेगळे सांगतो. कॅनडात थंडी पूर्वीपासून होती, तळी दर हिवाळ्यात गोठत होती, आणि 1890 च्या सुमारास तेथील गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांची मुलगी इसाबेल ओटावात बर्फावर हॉकी खेळतही होती. तरीही त्यानंतर कित्येक दशके मुलींना या खेळात रीतसर जागा नव्हती. 1950 च्या दशकाच्या मध्यास टोरांटोमध्ये ॲबी हॉफमन नावाच्या लहान मुलीने केस बारीक कापून मुलांच्या लीगमध्ये नाव नोंदवले आणि ती उत्तम बचावपटू म्हणून निवडक संघातही गेली. त्या निवडीसाठी जन्मदाखला तपासला गेला तेव्हा ती मुलगी असल्याचे उघड झाले. पुढे मुलींसाठी पुरेसे सामनेच नसल्यामुळे ती हॉकीपासून दूर गेली, धावपटू झाली आणि 800 मीटर शर्यतीसाठी चार ऑलिम्पिक स्पर्धांत उतरली. एवढी गुणी खेळाडू हॉकीने गमावली, आणि त्यात बर्फाचा काही दोष नव्हता.

मुलींचा स्वतःचा संघ, सरावासाठी ठरलेली वेळ आणि आजच्या पातळीवरून वर जाण्याची पायरी या तीन गोष्टी जिथे मिळाल्या तिथे हा खेळ वाढला, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनडात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1982 मध्ये सुरू झाली आणि तिच्या चषकाला ॲबी हॉफमनचेच नाव देण्यात आले. 1986 मध्ये जस्टिन ब्लेनी या शाळकरी मुलीच्या दाव्यात ओंटारियोच्या अपील न्यायालयाने मुलींना मुलांच्या संघातून वगळण्याची सूट बेकायदा ठरवली. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींना खेळाची समान संधी देणे भाग पडले, त्यातून विद्यापीठांमध्ये महिलांचे संघ आणि शिष्यवृत्त्या आल्या, आणि 2001 पासून महिलांची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धाही भरू लागली. परिणाम आकड्यांत दिसतो: 1990 च्या सुमारास अमेरिकेत नोंदणी केलेल्या मुली आणि महिला खेळाडू सहा हजारांच्या आसपास होत्या, आज ती संख्या नव्वद हजारांच्या पुढे आहे. कॅनडात तर ती एक लाखाच्या वर गेली आहे.

पहिली अधिकृत महिला जागतिक स्पर्धा 1990 मध्ये ओटावा येथे झाली. प्रेक्षकांचे लक्ष वेधावे म्हणून कॅनडाच्या मुलींना गुलाबी गणवेश देण्यात आला होता. मला ती गोष्ट आजही खटकते, पण अंतिम सामन्याला जवळपास नऊ हजार लोक आले आणि कॅनडाने अमेरिकेला 5-2 असे हरवले, तेव्हा गणवेशाची चर्चा मागे पडली. 1998 मध्ये नागानो येथे हा खेळ महिलांसाठी ऑलिम्पिकमध्ये आला. पहिले सुवर्ण कॅमी ग्रॅनाटोच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने जिंकले. पुढील चार सुवर्णपदके, 2002 पासून 2014 पर्यंत, कॅनडाची. त्यांतील 2014 चा सोची येथील अंतिम सामना आपल्या पुतणीला अवश्य दाखवा. साडेतीन मिनिटे उरली असताना कॅनडा 0-2 ने मागे होता. एक गोल झाला, मग बरोबरीसाठी कॅनडाने गोलरक्षकाला बाहेर बोलावून जादा आक्रमक खेळाडू उतरवली. अमेरिकेने दुरून मारलेली पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती चपटी रबरी चकती, त्या मोकळ्या गोलाच्या खांबाला लागून बाहेर गेली आणि मिनिटभरही उरलेले नसताना मेरी-फिलिप पुलँ हिने बरोबरी साधली. जादा वेळेतील निर्णायक गोलही तिचाच होता. 2010 च्या अंतिम सामन्यातही कॅनडाचे दोन्ही गोल तिने केले होते आणि 2022 मध्ये बीजिंग येथेही तिने अंतिम सामन्यात दोन गोल केले.

या खेळाची एक कमजोरीही सांगायला हवी. जागतिक स्पर्धेचे विजेतेपद आजवर कॅनडा आणि अमेरिका या दोघांपलीकडे कोणाकडेही गेलेले नाही. 2010 च्या ऑलिम्पिकमध्ये कॅनडाने स्लोव्हाकियाला 18-0 असे हरवले, तेव्हा ऑलिम्पिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष जॅक रॉग यांनी सुधारणा झाली नाही तर हा खेळ असाच चालू ठेवता येणार नाही, असा इशारा दिला. मात्र 2006 च्या ऑलिम्पिकमध्येच स्वीडनने उपांत्य फेरीत अमेरिकेला हरवून दाखवले होते, 2019 च्या जागतिक स्पर्धेत फिनलंड आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर अंतिम सामना शूटआऊटपर्यंत, म्हणजे बरोबरीनंतर एकेका खेळाडूने थेट गोलरक्षकासमोर करायच्या प्रयत्नांपर्यंत, घेऊन गेला, आणि चेक संघाने 2022 व 2023 च्या जागतिक स्पर्धांत लागोपाठ कांस्यपदके मिळवली. 2022 पासून ऑलिम्पिकमध्ये महिलांचे दहा संघ खेळू लागले. अंतर कमी होत आहे, पण सावकाश.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी कामगिरी बर्फाबाहेर झाली. 2017 पर्यंत अमेरिकेच्या जगज्जेत्या संघातील खेळाडूंना त्यांच्या संघटनेकडून ऑलिम्पिकच्या आधीचे सहा महिने दरमहा एक हजार डॉलर मिळत, बाकी काळ जवळपास काहीच नाही. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा अमेरिकेतच भरणार होती. खेळाडूंनी एकत्र येऊन सांगितले की, योग्य मानधन आणि मुलींच्या लहान गटांसाठी पुरेशी तरतूद झाल्याशिवाय आम्ही खेळणार नाही. संघटनेने बदली खेळाडू शोधायला सुरुवात केली, तेव्हा महाविद्यालयांतील आणि अगदी शाळांतील मुलींनीही नकार दिला. देशाच्या संघातून खेळण्याची संधी दारात आलेली असताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने ती परत पाठवणे किती कठीण असते, हे मी तालुका पातळीच्या निवडीसाठी झुरणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींकडे पाहून समजू शकते. स्पर्धेच्या तोंडावर संघटनेने करार केला आणि त्याच मुलींनी कॅनडाला जादा वेळेत हरवून सुवर्णपदक जिंकले.

दोन वर्षांनी कॅनडातील महिला लीग पैशांअभावी बंद पडली. त्यानंतर सुमारे दोनशे आघाडीच्या खेळाडूंनी ठरवले की ज्या लीगमध्ये उदरनिर्वाह होणार नाही तिच्यात उतरायचे नाही. हा निर्धार त्यांनी अनेक हंगाम पाळला. 1 जानेवारी 2024 रोजी सहा संघांची व्यावसायिक महिला लीग सुरू झाली, आणि त्याच वर्षी 20 एप्रिलला मॉन्ट्रियलमध्ये मॉन्ट्रियल आणि टोरांटो यांचा सामना पाहण्यासाठी 21,105 प्रेक्षक आले. महिलांच्या आईस हॉकी सामन्याला तोवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. पुढे व्हँकुव्हर आणि सिॲटल मिळून संघ आठ झाले.

आता आपल्या देशाकडे येऊ, कारण आपल्या पुतणीच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा आहे. भारतीय महिला संघातील बहुतेक मुली लडाखच्या आहेत. तेथे लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरील ठिकाणी डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिने, तळी गोठतात. गावोगावी रात्री मैदानात पाणी सोडून बर्फ तयार केला जातो. एवढ्याशा हंगामात मुलांचे संघ, लष्कराचे संघ आणि मुली या सगळ्यांना तोच बर्फ वापरायचा असतो. मुलींनी उधारीच्या आणि वापरलेल्या साहित्यावर खेळायला सुरुवात केली, आपली स्वतंत्र संस्था उभी केली, आणि 2016 मध्ये भारताचा महिला संघ प्रथमच आशियाई चॅलेंज कपसाठी तैपेईला गेला. पूर्ण मापाची, वर्षभर चालणारी रिंक, म्हणजे कृत्रिम बर्फाचे मैदान, त्यांना देशात उपलब्ध नव्हती. बर्फ वितळल्यावर सरावासाठी गुरुग्राममधील मॉलच्या लहान रिंकचा आधार घ्यावा लागे, आणि प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी जमवावी लागली. पहिल्या वर्षी त्या हरल्या. मार्च 2017 मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला 4-3 असे हरवले आणि भारतीय महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदवला. चार ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारी आणि पुढे डॉक्टर झालेली कॅनडाची हेली विकेनहायझर 2018 मध्ये स्वतः लेहला आली, या मुलींसोबत खेळली आणि त्याच वर्षी तिने त्यांना कॅलगरीतील आपल्या स्पर्धेसाठी बोलावले. 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथील महिला आशिया चषकात भारताने कांस्यपदक जिंकले. ज्या मुलींकडे वर्षातून दोन महिनेच बर्फ होता त्यांनी नऊ वर्षांत हे घडवले, याचे मला अतिशय कौतुक वाटते.

याच काळात वरची पायरीही थोडी तयार झाली. इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाने महिलांचा आईस हॉकी संघ ठेवल्यामुळे काही खेळाडूंना नोकरी आणि पगार मिळाला. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमध्ये लेहला महिलांचे सामने होऊ लागले. हिमाचलातील स्पिती खोऱ्यात काझा येथे मुलींची शिबिरे सुरू झाली आणि पाठोपाठ तेथील मुली राष्ट्रीय स्पर्धेत दिसू लागल्या. देहरादूनची रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली होती आणि नंतर अनेक वर्षे बंद होती. तेथे 2025 मध्ये पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली.

आपल्या गावात यांतील काय लागू पडते? माझ्या अनुभवाने सांगते की आपल्याकडे मुलींचा खेळ थांबतो तो वेळेपाशी. मानव विकास योजनेची, विद्यार्थिनींसाठीची निळी बस शाळा सुटल्याबरोबर निघते आणि तीच मुलींची घरी जाण्याची एकमेव सोय असते. त्यामुळे मुलांचा सराव अंधार पडेपर्यंत चालतो आणि मुलींच्या वाट्याला मधल्या सुट्टीतील वीस मिनिटे येतात. तालुक्याच्या स्पर्धा बहुधा सुगीच्या दिवसांत येतात आणि कापूस वेचणीच्या हंगामात घरी हात कमी पडत असल्याने मोठ्या मुली शाळेतही येत नाहीत. आम्ही आमच्या शाळेत पहिला तास सुरू होण्यापूर्वीची वेळ मुलींसाठी राखून ठेवली, त्या वेळी मैदानावर दुसरे कोणी उतरायचे नाही असे ठरवले, आणि पालकांना घरी जाऊन भेटलो. तेव्हापासून संघ टिकू लागला. लेहच्या मुलींची अडचण आणि आमच्या मुलींची अडचण मला एकाच जातीची वाटते, म्हणूनच त्यांच्या यशात मला आमच्यासाठी उपयोगाचे पुष्कळ काही सापडते.

पुतणीला नकार देऊ नका, परंतु खोटी आशाही दाखवू नका. विदर्भात राहून थेट आईस हॉकी शिकता येणार नाही. जवळची वाट इनलाइन हॉकीची आहे. तिच्यात एका रांगेत चाके असलेले स्केट्स घालून गुळगुळीत फरशीवर किंवा सिमेंटवर खेळतात. वळणे, थांबणे, स्टिक हाताळणे आणि जागा धरून पास देणे यांतील बरेचसे कौशल्य बर्फावरही कामी येते. रोलर स्केटिंगच्या राष्ट्रीय संघटनेतर्फे तिच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. नागपूर आणि अमरावती येथे स्केटिंगचे वर्ग चालतात, तेथे सुट्टीत महिनाभर राहण्याची सोय नातेवाइकांकडे होत असेल तर सुरुवात तेवढ्यावर होऊ शकेल. तोपर्यंत तिला शाळेच्या खो-खो संघात घाला. वाकून पळणे, क्षणात दिशा बदलणे आणि खांबाला वळसा घालणे यांमुळे पायांत जी ताकद आणि तोल येतो तो स्केट्सवर पहिल्याच आठवड्यात जाणवतो. दोन-तीन वर्षे तिचा उत्साह टिकला, तर लडाखमधील हिवाळी शिबिरांची चौकशी भारतीय आईस हॉकी संघटनेकडे करा.

खर्चाचेही सांगते. आईस हॉकीचे संपूर्ण साहित्य, म्हणजे बर्फावरचे स्केट्स, जाळीचे हेल्मेट, खांद्याचे, कोपराचे आणि नडगीचे संरक्षक आणि हातमोजे, नवे घेतल्यास खर्च कित्येक हजारांच्या घरात जातो, आणि ते आत्ता घेण्याची काही गरज नाही. सुरुवातीला इनलाइन स्केट्स, हेल्मेट, आणि गुडघे, कोपर व मनगटांचे संरक्षक पुरेत. स्केट्स घेताना मागेपुढे दोन-दोन चाके असलेली जोडी घेऊ नका, दुकानदार ती स्वस्त म्हणून पुढे करतो. या वयात पाय वर्षभरात वाढतो, तेव्हा माप कमी-जास्त करता येणारी किंवा चांगल्या स्थितीतील वापरलेली जोडी चालेल; हेल्मेट मात्र नवेच घ्या आणि ते तिच्या डोक्यावर बसवून पाहूनच घ्या.