रेडिट सोडून लेमीवर आलो पण छोट्या छंदांचे ग्रुप सापडत नाहीत, तुम्हालाही चुकल्यासारखं होतं का?

हो, होतं, अजूनही होतं. २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटने एपीआयला, म्हणजे बाहेरच्या ॲपना तिथला मजकूर घेता येतो त्या सोयीला, पैसे लावले, ३० जूनला रेडिट वाचायचं अपोलो ॲप बंद झालं, त्या लाटेत मीपण लेमीवर आलो, म्हणजे रेडिटसारख्याच पण वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणाऱ्या साइटवर. बातम्या, लिनक्स, मीम हे पहिल्याच दिवशी मिळालं. पण माझा जीव चावीच्या जुन्या घड्याळांत, त्यातही एचएमटीत, आणि त्यावर तिथं कुणी बोलतच नव्हतं.

माझ्याकडे वडिलांचं एचएमटी जनता आहे, हिंदी तबकडीचं. ते इथं सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात होते, रात्रपाळीला निघताना उंबऱ्यात उभं राहून चावी द्यायचे. मध्ये ते बंद पडलं म्हणून नवी पेठेत एका वयस्कर कारागिरांकडे नेलं तर ते म्हणाले मशीन चांगलंय पण तबकडी मूळची वाटत नाही. मला काही पटेना. रात्री मागचं झाकण उघडून फोटो रेडिटवरच्या घड्याळांच्या ग्रुपवर टाकले आणि सकाळचा चहा व्हायच्या आत केरळातल्या एकाने लिहिलं होतं, आतल्या मशीनचा ०२३१ नंबर बरोबर आहे, १७ ज्वेलचं (म्हणजे झीज कमी करणाऱ्या १७ खड्यांचं) आहे, पण तबकडी नंतर रंगवलेलीय, ‘जनता’तल्या ‘ज’ची दांडी किती जाड आहे बघा आणि मिनिटाच्या रेघा सारख्या अंतरावर नाहीत. भिंग घेऊन बघितलं, शब्द न शब्द खरा.

असली माणसं लाखात एखादी असतात हो, म्हणून ती सापडायला रेडिटसारखी लाखांची गर्दी लागते. लेमीवर आधीच माणसं कमी, त्यात ती वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरलेली, एकाच विषयाचे तीन ग्रुप तीन सर्व्हरवर आणि तिन्ही ओस. शिवाय दुसऱ्या सर्व्हरवरचा ग्रुप तुमच्या सर्व्हरवरच्या कुणीतरी आधी जोडून घेतला नसेल तर तो तुमच्या यादीत दिसतच नाही, मला हे कळायला दोन महिने गेले, तोवर मी ग्रुपच नाही असं समजत होतो. ग्रुपचा पूर्ण पत्ता, म्हणजे उद्गारचिन्ह, नाव, ॲट आणि सर्व्हर, असा सर्चमध्ये टाका, थोडं थांबा, मग येतो.

आणि ओस दिसला तरी लिहा, नुसतं वाचत बसू नका. मी दर रविवारी एका घड्याळाचा फोटो आणि त्याची माहिती टाकायलोय, कधी दोन उत्तरं येतात कधी एकही नाही. जुनी उत्तरं वाचायला मात्र अजून रेडिटवरच जावं लागतं, तेवढा साठा मला तरी दुसरीकडे सापडला नाही, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमचा छंद कुठला ते लिहिलंच नाही तुम्ही. सांगा की, माझ्या सर्व्हरवरनं शोधतो, सापडला तर पत्ता इथंच खाली देतो.