जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीचा गिअर न्यूट्रलला आणताना इंजिन बंद का पडतं?

तुमच्या प्रश्नातली लक्षणं अशी: मालवणहून कोल्हापुरात आणलेली जुनी बोट, मर्क्रुझर अल्फा वन स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर), फॉरवर्डमधून न्यूट्रलला येताना लिव्हर जड लागतो आणि इंजिन बंद पडतं. मेकॅनिक म्हणतोय, गिअरबॉक्स खोलावा लागेल. एवढ्यात खोलू नका. या लक्षणांवरून माझा पहिला संशय खालच्या शिफ्ट केबलवर, म्हणजे गिअर बदलण्यासाठी ड्राइव्हकडे जाणाऱ्या केबलवर आहे.

कारण समजून घ्या, म्हणजे तपासणी सोपी जाईल. अल्फा वनमध्ये गिअर पडतो तो खालच्या युनिटमधल्या डॉग क्लचने. त्याचे दाते एकमेकांत अडकतात, आणि इंजिनचा जोर त्यांच्यावर असेपर्यंत ते सहजासहजी सुटत नाहीत. म्हणून इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटवर (वरची आणि खालची शिफ्ट केबल जिथे जोडलेल्या असतात तिथे) एक छोटा स्विच दिलेला असतो. गिअर काढताना केबलवर ताण आला की तो क्षणभर इग्निशन तोडतो, जोर उतरतो, दाते सुटतात आणि इंजिन लगेच पुन्हा उचलतं. केबलच जड झाली असेल तर ताण उतरत नाही, स्विच दाबलेलाच राहतो आणि इंजिन गप्प होतं. काही जण या स्विचच्या वायरीच काढून टाकतात. तसं कृपा करून करू नका. मग लिव्हर जोराने ओढावा लागतो, दात्यांच्या कडा गोल होतात, आणि ऐन धक्क्याजवळ गिअर सुटला नाही तर समोर माणसं असतात.

आधी चावी काढून ठेवा आणि शिफ्ट प्लेट नीट बघा. प्लेटवरच्या छोट्या लिव्हरला इंग्रजी व्ही आकाराची खाच असते आणि स्विचचा रोलर तिच्या बरोबर मध्ये बसतो. कुणाला तरी गिअर टाकायला-काढायला लावा, आणि दुसऱ्याने पंखा हाताने सावकाश फिरवत राहायचं. इंजिन बंद असताना पंखा न फिरवता लिव्हर दाबला तर दात्यावर दाता अडतो आणि केबल वाकते. गिअर काढताना खाच किंचित सरकून परत जागेवर यायला हवी. ती एका बाजूला सरकलेलीच राहिली, तर दोष पकडला म्हणून समजा.

आता कोणती केबल, ते ठरवू. शिफ्ट प्लेटवरून दोन्ही केबल सोडवा. कंट्रोल बॉक्सकडून येणारी वरची केबल लिव्हरने चालवून बघा. मग ड्राइव्हकडे जाणारी खालची केबल हाताने आत-बाहेर करा, पंखा फिरवत. ती बोटांनी सहज सरकली पाहिजे. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवूनही हेच करा. सरळ असताना हलकी आणि वळवल्यावर जड, म्हणजे बेल हाउसिंगपाशी (ड्राइव्ह ज्यावर बसतो त्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागापाशी) वाकणाऱ्या जागी केबलचं आवरण चिरलंय, आत पाणी शिरून गंज धरलाय. खाऱ्या पाण्यातून आलेल्या बोटीत हे फार दिसतं. वरून ऑइल सोडून दोन दिवस बरं वाटेल, पण ती केबल बदलावीच लागते.

तरीही शंका राहिली तर ड्राइव्ह उतरवून केबल पुन्हा हलवा. तेव्हाही जड असेल तर केबल खराब. हलकी झाली तर ड्राइव्हमधला उभा शिफ्ट शाफ्ट किंवा त्याचा बुश धरलाय. ड्राइव्ह काढताना आणि बसवताना गिअर फॉरवर्डमध्येच हवा, नाहीतर शाफ्टचा जोड जुळत नाही. सहा नट आहेत, ५/८ इंची. बसवताना ५० फूट-पौंड टॉर्क.

नवी केबल घालताना तिचा रबरी बेलोज (घडीदार नळी) आणि क्लॅम्प सोबतच बदला. जुना फाटका बेलोज ठेवला तर तिथून बोटीत पाणी येतं. बेल हाउसिंगमधला नट काढायला लांब, पातळ भिंतीचा सॉकेट लागतो. तो उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवाल्याकडून बनवून घ्या, पण केबल मात्र तिथल्या तारेने भरून घेऊ नका. जुळवताना पितळी बॅरलच्या मध्यापासून टोकाच्या भोकाच्या मध्यापर्यंत अंतर ६ इंच, म्हणजे १५२ मिलिमीटर. हे माप चुकलं की केबलचा प्रवास कमी पडतो, दाते अर्धेच बसतात आणि गिअर निसटतो. आधी खालची केबल, मग वरची. उलटं केलं तर पुन्हा सगळं करावं लागतं.

आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनचा वेग, तोही बघा. गिअरमध्ये साधारण ६०० ते ७०० आरपीएम असावेत, नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या पुस्तकात मिळेल. आयडल चढा असेल तर केबल नवी असूनही गिअर खाडकन पडतो. दारात चालवताना फ्लशिंग मफ (ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर बसणारे, नळाची नळी जोडायचे रबरी कप) लावून पाणी चालू ठेवा, नाहीतर पंपाचा इम्पेलर जळतो; आणि पंखा काढूनच चालवा. मात्र जमिनीवर पाण्याचा भार नसतो, तेव्हा इथे गिअर नीट सुटला म्हणजे पाण्यातही सुटेल असं धरू नका. खरी परीक्षा बॅकवॉटरमध्येच होते.

गिअर ऑइलचा खालचा बोल्ट सोडून थोडं ऑइलही काढून बघा. दुधाळ असेल तर सील गेलंय, लोखंडाचे कण दिसले तर मात्र तुमचा मेकॅनिक म्हणतो तसं युनिट खोलावंच लागेल. इंजिन ओरडतं पण बोट ढकलली जात नाही, असंही होत असेल तर गिअरला दोष देण्याआधी पंख्याचा रबरी हब तपासा: आतल्या-बाहेरच्या भागावर मार्करने एक सलग रेघ मारा, पाण्यात जोर देऊन या, रेघ तुटली असेल तर हब घसरतोय.

केबल मागवताना ड्राइव्ह आणि ट्रान्सम असेंब्ली (बोटीच्या मागच्या भिंतीवरचा, ड्राइव्ह धरणारा भाग) दोन्हींचे सिरियल नंबर कळवा. जुन्या बोटीत ड्राइव्ह कधीतरी बदललेला असतो, आणि एकाच नंबरवर मागवलेला भाग बसेलच असं नाही.